परगण्याच्या इतिहासाचे राखणदार

इंग्लंडचा नकाशा पाहिला तर तो देश लहानमोठ्या परगण्यांत वांटलेला दिसतो. या परगण्यास तिकडे कौंटी म्हणतात. आपल्याकडील जिल्ह्याशीं त्याची तुलना करतां येईल. परंतु जिल्हा हा सरकारी दप्तराच्या सोयीसाठीं पाडलेला विभाग आहे, तर कौंटी हा तेथील लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. क्रिकेटचे सामने देखील तेथें कौंटी विरुद्ध कौंटी असे होतात, हें श्रोत्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच. या अभिमानाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक चांगलें वळण लागलें. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनीं एकत्र येऊन आपापल्या परगण्यांतील जुने किल्ले, मठ, थडगीं, नाणीं आणि कागदपत्रें यांचा अभ्यास करणाऱ्या व त्यांचें रक्षण करणाऱ्या संस्था काढल्या. ससेक्सची संस्था १८४६ सालीं निघाली, सॉमरसेटची १८४९ सालीं, विल्टशायरची १८५३ सालीं, सरेची १८५४ सालीं आणि केंटची १८५७ सालीं. आपल्या पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें, तेव्हां ससेक्सच्या संस्थेस चौसष्ट वर्षें झालीं होतीं.

या सर्व संस्थांची हकीकत एका भाषणांत सांगूं गेल्यास ती नुसती सनावळी होईल. त्यापेक्षां एकाच परगण्याची गोष्ट जरा निवांतपणें पाहावी हें बरें. आणि त्यासाठीं ससेक्सची निवड करण्यास कारण असें कीं, तेथील संस्थेचा जन्मच मुळीं पश्चात्तापांतून झाला.

ससेक्स हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील परगणा. गवतानें झांकलेल्या खडूच्या टेकड्यांची एक लांब ओळ त्यांतून समुद्राच्या काठाकाठानें जाते. १०६६ सालीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम आपलें सैन्य घेऊन येथेंच पेव्हेन्सीजवळ उतरला, आणि हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्याच्या सरदारांपैकीं विल्यम द वॉरेन यास लुइस गांवाभोंवतालचा मुलूख मिळाला. या सरदारानें तेथें किल्ला बांधला, आणि १०८० च्या सुमारास आपली पत्नी गंड्राडा हिच्यासह गांवाबाहेर एक ख्रिस्ती मठ स्थापिला. फ्रान्समधील क्लूनी पंथाचा इंग्लंडांतील हा पहिलाच मठ होय. पुढें त्याचें चर्च एवढें वाढलें कीं, चिचेस्टरचें कॅथीड्रल देखील त्यापुढें लहान ठरावें. साडेचारशें वर्षें हा मठ नांदला. नंतर आठव्या हेन्री राजानें देशांतील मठ मोडण्याचें सत्र आरंभिलें, आणि १५३८ सालीं पोर्टिनारी नांवाच्या एका इटालियन इंजिनियरास लुइसला धाडण्यांत आलें. त्यानें सुतार, लोहार आणि शिसें वितळविणारे कारागीर बरोबर आणून तें प्रचंड चर्च जमीनदोस्त केलें. छपरावरील शिसें वितळवून नेलें, दगड ज्याला हवे त्यानें नेले. मठाचे संस्थापक पतिपत्नी जेथें पुरलेलीं होतीं, ती जागा गवताखालीं गेली.

गंड्राडेच्या थडग्यावरील काळी कोरीव शिळा तेवढी वांचली होती, तीही विचित्र रीतीनें. आइसफील्ड गांवच्या चर्चमध्यें एका भलत्याच गृहस्थाच्या थडग्याच्या कामीं ती लावलेली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती ओळखली गेली, तेव्हां मठाशेजारच्या साउथओव्हर येथील चर्चमध्यें ती आणून ठेवण्यांत आली. शिळा होती, परंतु ती जिच्यासाठीं घडविली त्या बाईचा ठावठिकाणा कोणासच ठाऊक नव्हता.

आणि मग आगगाडी आली. ब्रायटनहून लुइसवरून हेस्टिंग्जकडे जाणारा लोहमार्ग आंखतांना तो मठाच्या अवशेषांमधूनच नेण्यांत आला. २८ ऑक्टोबर १८४५ रोजीं मजूर तेथें खणीत असतां त्यांच्या अवजारांस शिशाच्या दोन पेट्या लागल्या. दोहोंची लांबी सुमारें तीन तीन फूट. आंत मनुष्याचीं हाडें नीट रचून ठेवलेलीं. एका झांकणावर विल्यमचें नांव आणि दुसऱ्यावर गंड्राडेचें! मठाची वाढ होत असतां भिक्षूंनीं आपल्या संस्थापकांचीं हाडें मूळच्या थडग्यांतून काढून या लहान पेट्यांत भरून पुन्हां पुरलीं होतीं, हें उघड होतें. ज्यांचें थडगें तीन शतकें बेपत्ता होतें, तीं माणसें आपलें नांव सांगत मजुरांच्या हातीं आलीं.

परंतु याच कामांत दुसरेंही एक घडलें. पेट्यांच्या गोष्टीइतकें तें सांगितलें जात नाहीं. मजुरांस मनुष्यांच्या अस्थींनीं भरलेला एक मोठा खड्डा लागला. लुइस येथें १२६४ सालीं तिसरा हेन्री राजा आणि सायमन द माँटफर्ट याच्या पक्षाचे सरदार यांच्यामध्यें मोठी लढाई झाली होती. राजाचा मुक्काम त्या वेळीं याच मठांत होता. त्या लढाईंत पडलेल्यांच्या त्या अस्थी असाव्या असा तर्क झाला. तर्क बरोबर होता किंवा कसें, हें पाहण्यास अवसर मिळाला नाहीं. मातीसकट त्या अस्थी गाड्या भरभरून नेण्यांत आल्या आणि पुढच्या पाणथळींतील लोहमार्गाच्या भरावांत पडल्या. पेट्यांवर अक्षरें होतीं म्हणून त्या वांचल्या. अस्थींवर कोणाचें नांव नव्हतें, म्हणून त्यांचा भराव झाला.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८४६ सालीं, लुइस येथें ससेक्स पुराणवस्तु संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक कोण होते हें पाहण्यासारखें आहे. न्यूइकजवळ राहणारे विल्यम हेन्री ब्लाऊ हे सुखवस्तु गृहस्थ तिचे पहिले चिटणीस. सायमन द माँटफर्टच्या त्या लढ्यावर त्यांनीं १८४४ सालीं एक चांगला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. म्हणजे भरावांत गेलेल्या अस्थींचें मोल त्या परगण्यांत त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास कळण्यासारखें नव्हतें. दुसरे मार्क अँटनी लोअर. हे लुइस येथील शाळामास्तर. वडीलही शाळामास्तरच. शाळा सुटल्यावर हे गृहस्थ जुन्या चर्चच्या नोंदी, सनदा आणि कुलवृत्तान्त चाळीत बसत. इंग्रजी आडनांवांच्या उत्पत्तीवरील त्यांचें पुस्तक १८४२ सालचें. पुढें १८७० सालीं त्यांनीं ससेक्सचा इतिहासही लिहिला. जमीनदार, पाद्री, वकील आणि शाळामास्तर अशी ही सरमिसळ मंडळी. त्यांच्यांत पुराणवस्तुशास्त्राचा धंदेवाईक पंडित एकही नव्हता. कारण तसा धंदाच त्या काळीं अस्तित्वांत नव्हता.

संस्थेनें केलेलें पहिलें महत्त्वाचें काम म्हणजे छापणें. १८४८ सालीं तिच्या संग्रहाचा पहिला भाग निघाला आणि तेव्हांपासून त्याची मालिका चालूं राहिली. त्यांत काय नाहीं? एखाद्या चर्चच्या भिंतीवर पुसट झालेल्या चित्राचें वर्णन, एखाद्या शेतकऱ्यास नांगरतांना सांपडलेल्या नाण्यांची यादी, मोडून टाकलेल्या पुलाचा नकाशा, एखाद्या मठाच्या जमाखर्चाचा तर्जुमा. वरवर पाहणाऱ्यास हें सर्व कंटाळवाणें वाटेल, आणि त्यांतील कित्येक पानें तशीं आहेतही. परंतु वस्तु नाहींशी झाली तरी तिचें माप, तिची जागा आणि ती कोणत्या थरांत होती एवढें छापलेलें राहिलें, म्हणजे पुढच्या शतकांतील मनुष्यास तिच्याविषयीं प्रश्न विचारतां येतो. भरावांत गेलेल्या अस्थींविषयीं आज कोणासच कांहीं विचारतां येत नाहीं. त्या खड्ड्याचें मोजमाप घेण्यास एक दिवस पुरला असता.

१८५० सालीं संस्थेनें लुइसचा किल्ला भाड्यानें घेतला आणि तेथें आपलें संग्रहालय थाटलें. विल्यम द वॉरेनच्या किल्ल्यांत ससेक्सच्या शेतांतील फुटकीं खापरें मांडलीं गेलीं. सभासदांच्या उन्हाळी सहली निघूं लागल्या. या सहलींत इतिहास किती आणि फराळ किती असा विनोद कोणी करील. पण ज्या चर्चला शेंदीडशें माणसें एकदां पाहून गेलीं, त्याचें छप्पर काढण्यापूर्वीं तेथला पाद्री दोनदां विचार करी, हा फायदा कांहीं लहान नव्हता.

आतां या संस्थेच्या इतिहासांतील एका अप्रिय प्रकरणाकडे वळावयाचें. तें गाळलें तर हकीकत गोड होईल, खरी होणार नाहीं. चार्लस् डॉसन नांवाचे एक वकील अकफील्ड येथें वकिली करीत. त्यांना जुन्या वस्तु हुडकण्याचा नाद होता, आणि ते संस्थेचे सभासद होते. किल्ल्याच्या पायथ्याशीं कॅसल लॉज नांवाचें एक घर होतें. तें संस्थेच्या वापरांत असे. १९०३ सालीं तें घर डॉसन यांनीं विकत घेतलें. आपला सभासद घेत आहे तें आपल्यासाठींच, अशी संस्थेच्या मंडळींची समजूत झाली होती असें सांगतात. प्रत्यक्षांत पुढच्या वर्षीं संस्थेस तेथून बिऱ्हाड हलवावें लागलें आणि डॉसन सहकुटुंब राहावयास आले. संस्थेनें पुढें १९०७ सालीं किल्ल्याच्या दरवाजाशेजारचें बार्बिकन हाउस विकत घेतलें, आणि तो प्रश्न मिटला.

परंतु घराची गोष्ट क्षुल्लक म्हणावी असा प्रकार पुढें व्हावयाचा होता. १९०७ सालीं डॉसन यांनीं पेव्हेन्सीच्या रोमन कोटांत सांपडल्या म्हणून शिक्क्याच्या विटा पुढें मांडल्या. त्यांवरील अक्षरांत होनोरियस बादशहाचें नांव होतें, आणि रोमन सत्तेच्या अगदीं अखेरच्या काळाचा पुरावा म्हणून विद्वान् त्यांचा दाखला देऊं लागले. डिसेंबर १९१२ मध्यें याच गृहस्थांनीं ससेक्समधील पिल्टडाउन गांवीं सांपडलेली एक कवटी व जबडा लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांपुढें ठेविला. मनुष्य आणि वानर यांमधील दुवा सांपडला, असा डांगोरा सर्व जगांत पिटला गेला. डॉसन १९१६ सालीं वारले. १९५३ सालीं रासायनिक परीक्षेंत उघड झालें कीं, कवटी मनुष्याची, जबडा ओरांग-उटांगचा, दांत कानशीनें घासलेले आणि सर्व हाडें रंग देऊन जुनीं दिसतील अशीं केलेलीं होतीं. त्या विटांची परीक्षा १९७३ सालीं झाली. त्याही रोमन काळच्या नसून डॉसन यांच्याच काळांत भाजलेल्या ठरल्या. या बनावटीचा कर्ता डॉसन हेच, असें आतां बहुतेक तज्ज्ञांचें मत आहे.

यावरून हौशी माणसांच्या हातीं इतिहास देऊं नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्यायाचा होईल. पिल्टडाउनच्या जबड्यास मान डोलावली ती मोठमोठ्या पदव्या मिरविणाऱ्या तज्ज्ञांनीं. खरा दोष वेगळाच होता. सांपडलेल्या वस्तूचें कौतुक झालें, पण ती जमिनींतून कशी निघाली याची चौकशी कोणीं केली नाहीं. शोधणाऱ्याच्या शब्दावर सर्व भागलें.

जमिनीलाच प्रश्न विचारावा, ही रीत ससेक्समध्यें पक्की केली ती मुख्यतः एका पितापुत्रांनीं. ब्रायटनला लागून असलेल्या होव्ह येथें डॉक्टर एलियट कर्वेन आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर एलियट सेसिल कर्वेन हे वैद्यकीचा व्यवसाय करीत. सवड मिळाली कीं दोघे टेकड्यांवर हिंडत. त्यांची एक युक्ति नभोवाणीच्या श्रोत्यांस विशेष आवडेल, कारण ती सर्वस्वीं कानाची आहे. एक जड धुमस घेऊन ते गवतावर ठोकीत जात. खालीं अखंड खडू असेल तर आवाज बद्द येई. आणि हजारों वर्षांपूर्वीं खणून पुढें मातीनें बुजलेला खंदक असेल तर तो घुमे. त्या घुमण्याच्या मागोवा घेत खुंट्या ठोकल्या म्हणजे गवताखालचा खंदक जमिनीच्या वर उमटे. रोग्याच्या छातीवर बोटानें ठोकून फुप्फुसाची परीक्षा करणाऱ्या माणसांस ही युक्ति हातीं सहज बसली असेल यांत नवल नाहीं. गुडवुडजवळच्या ट्रंडल या टेकडीवर १९२८ आणि १९३० सालीं त्यांनीं खोदकाम केलें. तेथें लोहयुगांतील कोटाच्या पोटांत त्याहून कितीतरी जुनें एक आवार दडलेलें आहे, हें विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत दिसलें होतें. तें खोदकामानें सिद्ध झालें.

ब्रायटनच्या माथ्यावर व्हाइटहॉक नांवाची टेकडी आहे. तिच्यावर नवाश्मयुगांतील खंदकांचीं वर्तुळें आहेत. तीं सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचीं, म्हणजे स्टोनहेंजच्या प्रसिद्ध शिळांहूनही जुनीं. दुर्दैवानें तेथेंच घोड्यांच्या शर्यतीचें मैदान आहे. मैदानाची वाढ करावयाची झाली आणि पुढें नवा रस्ता काढावयाचा ठरला, तेव्हां १९३२-३३ आणि १९३५ सालीं डॉक्टर सेसिल कर्वेन यांनीं फावड्यांच्या आधीं आपलीं माणसें तेथें नेलीं. त्या टेकडीवरील खोदकामांत एका तरुण स्त्रीचा सांगाडा निघाला. तिच्याजवळ तिच्या तान्ह्या मुलाच्या अस्थी होत्या. शेजारीं भोंकें पाडलेले खडूचे तुकडे आणि समुद्रांतील जिवांचे दोन अश्मीभूत गोळे ठेवलेले होते. बाळंतपणांत दगावलेल्या त्या आईजवळ तीं वस्तु कोणीं तरी जपून ठेविलीं असतील. रस्ता पुढें झालाच. परंतु त्या माय-लेकरांच्या अस्थी भरावांत गेल्या नाहींत. १८४५ आणि १९३५ या दोन सालांमधील फरक हा एवढाच आहे, आणि तो घडविण्यास नव्वद वर्षें लागलीं.

वेळेवर पोहोंचून लिहून ठेवणें ही एक गोष्ट. जागाच हातीं असणें ही दुसरी. विसाव्या शतकांत संस्थेकडे देणग्यांच्या रूपानें एकामागून एक वास्तु येऊं लागल्या. सर चार्लस् टॉमस-स्टॅनफर्ड यांनीं १९२२ सालीं लुइसचा किल्लाच विकत घेऊन तिला दिला. १९२३ सालीं अॅन ऑफ क्लीव्ह्ज हिच्या नांवाचें जुनें घर मिळालें. ही आठव्या हेन्रीची चौथी राणी. घटस्फोटाच्या वेळीं तें घर तिच्या वांट्यास आलें होतें. ती मात्र त्यांत एक दिवसही राहिली नाहीं. १९२५ सालीं डेव्हनशायरच्या ड्यूकनीं विल्मिंग्टनच्या टेकडीवरील लंबा पुरुष देऊन टाकला. हिरव्या उतारावर काढलेली ही मनुष्याकृति सव्वादोनशें फुटांहून उंच असून तिच्या दोन्ही हातांत एक एक काठी आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांस खूण सांपडूं नये म्हणून त्याला हिरवा रंग फांसावा लागला होता. तो अतिप्राचीन आहे अशी पिढ्यान् पिढ्या समजूत होती. २००३ सालच्या खोदकामांत तो सोळाव्या-सतराव्या शतकांतला असावा असें दिसून आलें. संस्थेच्या जुन्या सभासदांस हें ऐकून वाईट वाटलें असतें; पण तेवढ्यानें त्याची देखभाल कोणीं थांबविली नाहीं.

या दात्यांमध्यें आयव्हन मार्गरी यांचें नांव निराळें घेतलें पाहिजे. ईस्ट ग्रिनस्टेडजवळ राहणाऱ्या या गृहस्थांना रोमन रस्त्यांचें वेड होतें. लंडनहून लुइसकडे येणारा रोमन रस्ता त्यांनीं विमानांतील छायाचित्रें आणि स्वतःची पायपीट यांच्या जोरावर शेतांतून, रानांतून मैलोगणती शोधून काढला. हा रस्ता लोखंडाच्या भट्ट्यांतील कीट घालून बांधलेला. गंजून तें कीट एकजीव झालेलें. होल्टी येथें १९३९ सालीं त्याचा एक तुकडा उघडा करण्यांत आला, तेव्हां त्यावर चाकोऱ्या जशाच्या तशा दिसल्या.

याच मार्गरींच्या उदारपणाची खरी कसोटी पुढें वीस वर्षांनीं लागली. १९६० सालीं चिचेस्टरजवळच्या फिशबोर्न गांवीं पाण्याचा मोठा नळ टाकण्यासाठीं यंत्रानें चर खणला जात होता. त्यांत रोमन विटा आणि नक्षीच्या फरसबंदीचे तुकडे निघूं लागले. १८४५ सालची गोष्ट पुन्हां घडण्यास सर्व साहित्य सिद्ध होतें. परंतु या वेळीं पाहणारे डोळे गांवांतच होते. स्थानिक मंडळींनीं हालचाल केली आणि १९६१ च्या ईस्टरमध्यें तेथें शास्त्रशुद्ध खोदकाम सुरू झालें. त्याचे प्रमुख बॅरी कन्लिफ हे केंब्रिजचे विद्यार्थी होते. वय अवघें एकवीस. हाताखालीं बहुतेक विनावेतन काम करणारे स्वयंसेवक. वर्षामागून वर्ष काम चाललें, आणि जमिनीखालून निघालें तें एखादें शेतघर नव्हे, तर इसवी सन ७५ ते ८० च्या सुमारास बांधलेला चार बाजूंचा विशाल प्रासाद. डॉल्फिनवर बसलेल्या मदनाची फरसबंदी त्यांतलीच. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत तो आगींत जळाला. वितळलेलें छपराचें शिसें त्या फरशांवर सांपडलें. मधल्या चौकांत बाग होती. तेथील नापीक जमिनींत चर खणून चांगली माती भरलेली होती, आणि त्या मातीच्या काळ्या रेघांवरून कुंपणाच्या झाडांच्या ओळी कशा होत्या हें कळूं शकलें. त्याच रेघांवर तीं झाडें पुन्हां लावण्यांत आलीं.

ती जमीन घरें बांधण्यासाठीं जाणार होती. मार्गरी यांनीं ती विकत घेतली आणि संस्थेच्या विश्वस्तांस देऊन टाकली. प्रासादाच्या उत्तर बाजूवर मोठें छप्पर घालून १९६८ सालीं तें स्थळ लोकांस खुलें झालें. दक्षिण बाजू मात्र मोकळी करतां आली नाहीं. तिच्यावरून हमरस्ता जातो आणि त्याच्या कडेला लोकांचीं घरें आहेत; त्या घरांत माणसें राहतात, त्यांच्या परसांत भाजीपाला होतो. तेवढा भाग जमिनींतच आहे.